संयोग आणि समवाय : कलेच्या आधारे शिकविणाऱ्या शिक्षकाची सिद्धता

शालेय विषय शिकविताना चित्र, गायन, नृत्य, नाट्य इत्यादी कलांचे साहाय्य घ्यावे, हे तत्त्व आता वादाचे राहिलेले नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलांना शालेय शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात स्थान मागितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलासमेकित अध्यापनाचा स्पष्ट पुरस्कार केला. आणि त्याच वर्षी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांतील पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलासमेकित प्रकल्प अनिवार्य ठरविला. 'निष्ठा' या नावाने २०१९ साली सुरू झालेल्या आणि सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट बाळगणाऱ्या राष्ट्रीय प्रशिक्षणातही या विषयाचा एक घटक होता. प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशीही २०२० च्या धोरणाची अपेक्षा आहे. तेव्हा उरतो तो प्रश्न एवढाच की, या तासांत शिक्षकाने नेमके काय शिकावयाचे? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर बहुधा गृहीत धरले जाते, आणि ते गृहीत चुकीचे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गात मराठीचा तज्ज्ञ म्हणून जाण्याचा योग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येक गटाने व्याकरणाचा एकेक घटक परिचित चालीवर बसवून सादर करावयाचा होता. समासाच्या प्रकारांवर एका गटाने गीत रचले होते. ठेका उत्तम होता, आवाज गोड होते, टाळ्याही भरपूर पडल्या. तेव्हा मागच्या रांगेतील एका शिक्षिकेने, ज्यांची नोकरी वीस वर्षांहून अधिक झाली होती, शांतपणे विचारले, "सर, गाणं मुलांना पाठ होईल, पण समास ओळखता येईल का?" संयोजकांनी वेळ संपत आल्याची आठवण करून दिली, गटांची छायाचित्रे काढून वरच्या कचेरीकडे पाठवावयाची होती. प्रश्न तेथेच राहिला. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. ते 'नाही' असे होते. आणि ते देण्याचा धीर प्रस्तुत लेखकास झाला नाही, कारण गीतांसाठी सोयीच्या चालींची यादी त्याच सकाळी त्यानेच दिली होती. पुढील विवेचन म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर होय.

या विवेचनासाठी वैशेषिक दर्शनातील दोन संज्ञा उपयोगी पडतात. त्यांविषयीचे सूक्ष्म वाद येथे बाजूस ठेवू. मुळात वेगळ्या असलेल्या दोन द्रव्यांची जवळीक म्हणजे संयोग. हात आणि पुस्तक यांचा संबंध असा आहे. हात काढून घेतला तरी पुस्तकाचे काही उणे होत नाही. याउलट तंतू आणि पट, गुण आणि गुणी यांचा संबंध समवायाचा. तंतू काढून घेतले तर पट उरतच नाही. समासाच्या त्या गीतातून चाल काढून घेतली असती, तर समास जसाच्या तसा राहिला असता. आणि समास काढून तेथे नद्यांची नावे घातली असती, तरी चालीला त्याचा पत्ता लागला नसता. हा संयोग होय. पाठांतराला त्याचा उपयोग होतो, आणि पाठांतर ही तुच्छ गोष्ट नव्हे. तथापि समास ओळखणे ही क्रिया त्या गीतात कोठेच घडत नव्हती.

'समवाय' हा शब्द शिक्षणाच्या संदर्भात नवा नाही, हे वाचकांच्या लक्षात असेलच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाची जी योजना आखली, तिच्यात हस्तोद्योग हा अध्यापनाचा मध्यबिंदू होता आणि इतर विषय त्याच्याशी जोडून घ्यावयाचे होते. या जोडणीला आपल्याकडील लेखनात 'समवाय' हेच नाव रूढ झाले. तो समवाय कोठे साधला आणि कोठे फसला, हे आज पुन्हा पाहण्यासारखे आहे. सुताचा अंक काढताना ठराविक वजनात किती लांबीचे सूत भरते हे मोजावे लागते. येथे गुणोत्तर हे सूतकताईला बाहेरून चिकटविलेले नाही, ते सुतातच आहे. बारीक सूत कातणाऱ्या मुलाच्या बोटांना ते आधी कळते, मग वहीला. उलट इतिहास, भूगोल, भाषा असे सर्वच टकळीतून काढण्याचा हट्ट जेथे धरला गेला, तेथे ओढाताण झाली आणि योजनेवर टीकाही झाली. समवाय प्रत्येक ठिकाणी सापडत नाही. तो शोधावा लागतो, आणि नसेल तेथे नाही म्हणावे लागते.

त्या योजनेतील आणखी एक गोष्ट आज विस्मृतीत गेली आहे. शिक्षकांच्या पूर्ण सिद्धतेसाठी समितीने तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुचविला होता. तातडीची गरज म्हणून एक वर्षाचा लघु अभ्यासक्रमही मान्य केला होता. म्हणजे त्या काळचा 'लघु' अभ्यासक्रम एक वर्षाचा! सूत कातणे शिकवावयाचे तर शिक्षकाला ते स्वतः कातता आले पाहिजे, ही अट कोणास विचित्र वाटली नाही. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार व कुंभकार देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. कला शिकविणारा माणूस कलावंत होता आणि तो शाळेतच राहत होता. ही सोय प्रत्येक शाळेला मिळणे शक्य नाही, हे उघड आहे. परंतु आपण किती दूर आलो आहोत याची कल्पना त्यावरून येते.

समवायाची जागा शोधणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. प्रशिक्षणवर्गांत सध्या वारली चित्रांचा फार सुकाळ आहे. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर रेखाटण्याची ही कला जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांच्यामुळे जगभर पोहोचली, आणि शाळांच्या भिंतींवरही आली. पाढ्यांच्या तक्त्याभोवती वारली नर्तकांची महिरप काढली की गणित 'कलासमेकित' झाले, असे समजण्याचा प्रघात आहे. ही महिरप संयोगाचाच नमुना आहे. परंतु त्याच आकृतीकडे शिक्षकाने थोडे थांबून पाहिले तर? वारली मनुष्याकृतीचे धड म्हणजे टोकाला टोक लागलेले दोन त्रिकोण. ज्या बिंदूत ते मिळतात तेथे छेदणाऱ्या दोन रेषा असतील, तर विरुद्ध कोन समान असणारच. खांद्याची रेषा आणि कमरेची रेषा समांतर असतील, तर दोन्ही त्रिकोण समरूप होतात. आता तीच आकृती नाचू लागली, एका बाजूस कलली, की खांद्याची रेषा तिरपी होते. समांतरता जाते, समरूपताही जाते. पण मध्यबिंदूपाशी रेषा सरळ राहिल्या असतील तर कोनांची समानता टिकते. काय बदलले आणि काय बदलले नाही, हा भूमितीचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि तोच चित्रकाराचाही आहे. कारण आकृती नाचते असे वाटावे यासाठी त्याला नेमके हेच करावे लागते. या पाठाला लागणारे साहित्य महिरपीहून कमी आहे. लागते ती शिक्षकाची नजर. आणि ती चित्र स्वतः काढल्याशिवाय येत नाही, भूमिती पक्की असल्याशिवायही येत नाही.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा असल्यामुळे कवितागायनाचे उदाहरण थोडे विस्ताराने मांडणे योग्य होईल. मराठी शाळेत कविता चालीवर म्हणण्याची प्रथा जुनी व चांगली आहे. परंतु चाल ही कवितेच्या रचनेतून निघालेली असते किंवा वरून घातलेली असते, हा भेद शिक्षकांच्या प्रशिक्षणात क्वचितच सांगितला जातो. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त पद्यप्रकारांचे जे वर्गीकरण केले, ते येथे केवळ पांडित्याचे राहत नाही. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. जातीत मात्रांचे मान ठरलेले असते. छंदात अक्षरांची संख्या महत्त्वाची, आणि तेथे अक्षर लघू असो की गुरू, उच्चार लांबवूनच होतो. तेव्हा ओवी गाऊन घेताना ऱ्हस्वदीर्घाचा संस्कार होईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ओवीची प्रकृतीच तशी नाही. त्या कामासाठी भुजंगप्रयात हवे. एका चरणात बारा अक्षरे, एक लघू आणि दोन गुरू यांची चार आवर्तने, एकूण वीस मात्रा. मनाच्या श्लोकांमुळे हा ठेका महाराष्ट्रातील असंख्य घरांत कानावर असतो. या वृत्तात दोन लघू शेजारी येत नाहीत. म्हणून 'मन' हा शब्द, पुढे जोडाक्षर नसेल तर, त्यात बसत नाही. 'मना' हे संबोधन मात्र चपखल बसते. एवढी एक गोष्ट मुलांना टाळीवर शोधू दिली, तरी लघू-गुरू म्हणजे काय हे व्याख्येवाचून समजते. मात्र हेच श्लोक चित्रपटगीताच्या चालीवर घेतले की ताल लघू अक्षरालाही ताणतो, आणि जो भेद ऐकावयाचा तोच नाहीसा होतो. गायन झाले, वृत्त गेले!

याच्या पुढची पायरी अधिक उपयोगाची आहे. प्रमाण मराठीच्या उच्चारात इ-ई आणि उ-ऊ यांतील ऱ्हस्वदीर्घत्व बव्हंशी शब्दातील स्थानावरून ठरते. 'दूध' म्हणताना स्वर लांबतो, कारण शब्द तेथेच बंद होतो. 'दुधात' म्हणताना पुढे आणखी अवयव येतो आणि तोच स्वर आखूड होतो. 'मीठ-मिठाचा', 'विहीर-विहिरीत', 'गरीब-गरिबाला' ही सर्व याच जातीची उदाहरणे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली तयार केलेल्या लेखनविषयक नियमांत हेच उपान्त्य स्वराचे नियम म्हणून आले आहे, आणि मुलांच्या वह्यांतील लाल खुणांचा मोठा भाग याच नियमांच्या वाट्याचा असतो. नियम पाठ असतात. कान तयार नसतो. शब्दाच्या प्रत्येक अवयवाला एक टाळी, आणि स्वर लांबला तर हात तेवढा वेळ जुळलेले ठेवावयाचे, एवढ्या साध्या खेळात 'दूध' आणि 'दुधात' यांतील फरक हाताला कळतो. येथे लय ही भाषेला बाहेरून लावलेली नाही. भाषेच्या ध्वनिरचनेतच ती आहे.

परंतु येथेच मर्यादाही सांगितली पाहिजे. 'गुण', 'विष' हे तत्सम शब्द लिहावयाचे ऱ्हस्व, आणि बोलताना मात्र आपण स्वर लांबवितो. 'शरीर' चे 'शरीरात' होते, 'शरिरात' नव्हे. या शब्दांच्या बाबतीत टाळी फसते. तेथे संस्कृतातील मूळ लेखन स्मरणात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. ज्या शिक्षकाला ही सीमा ठाऊक नाही, त्याने टाळीचा खेळ मुळीच न शिकविणे बरे. कारण मुलांनी ऐकून योग्य तेच लिहिले असता तो त्यांना चूक ठरवील, आणि का चूक ते त्याला सांगता येणार नाही.

नाट्याविषयी मात्र संशोधनाने बरेच निश्चित असे सांगितले आहे. कलांच्या अभ्यासाने इतर विषयांतील गुण वाढतात असे दावे सर्वत्र केले जातात. हार्वर्ड विद्यापीठातील 'प्रोजेक्ट झीरो' या संशोधनगटात एलेन विनर व लोइस हेटलंड यांनी अशा अभ्यासांची छाननी करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कलाप्रधान शिक्षणामुळे भाषा किंवा गणित यांतील यश वाढते, असा कार्यकारणभाव त्यांना सिद्ध झालेला आढळला नाही. वर्गातील नाट्य आणि भाषिक कौशल्ये यांचा संबंध मात्र टिकला. ॲन पोडलोझ्नी यांनी त्याच प्रकल्पात ८० अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. त्यात कथेचे आकलन, तोंडी भाषा, लेखन यांना नाट्याचा लाभ होतो असे दिसले, आणि विशेष म्हणजे तो लाभ न केलेल्या, नव्या पाठांपर्यंतही पोहोचतो असे आढळले. शब्दसंग्रहाच्या बाबतीत असा लाभ सिद्ध झाला नाही. कलेचा सरसकट महिमा गाणाऱ्यांनी हे निष्कर्ष पूर्ण वाचावेत.

नाट्यच का, याचे एक कारण भाषाभ्यासकास सुचते. भूमिका घेतली की बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते. पाटलाने गड्याला 'बस' म्हणावयाचे, पाहुण्याला 'बसा', आणि गावात आलेल्या साहेबाला 'आपण बसावे'. सर्वनाम, क्रियापद, स्वर, सारे एकदम बदलते. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला गावकऱ्याच्या भूमिकेत आपली बोली निःसंकोच वापरता येते, आणि तोच गावकरी तहसीलदाराला अर्ज लिहू लागला की प्रमाण भाषेची गरज त्यालाच जाणवते. मात्र ही निवड मुलाने केली पाहिजे. स्नेहसंमेलनातील नाटुकल्यात ती अगोदरच लेखकाने केलेली असते. मूल फक्त पाठ म्हणते. आपल्याकडे 'नाट्यीकरण' म्हणून जे प्रशिक्षणात शिकविले जाते, ते बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते.

पहिल्या प्रकारासाठी इंग्लंडमधील डोरोथी हीथकोट (१९२६-२०११) यांचे काम पाहण्यासारखे आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेल्या या बाईंनी पुढे न्यूकासल विद्यापीठात अनेक वर्षे शिक्षक घडविले. त्यांची मुख्य युक्ती अशी की शिक्षकाने बाजूला उभे राहून दिग्दर्शन करावयाचे नाही. स्वतः एक भूमिका घेऊन नाट्यात शिरावयाचे, आणि शक्य तर अशी भूमिका घ्यावयाची जिला मुलांच्या मदतीची गरज आहे. समजा, शिक्षक नव्याने बदलून आलेला ग्रामसेवक झाला आणि विहीर कोठे खणावी हे त्याला कळेना. आता गावकऱ्यांना त्याला समजावून सांगावे लागेल, म्हणजेच भाषा वापरावी लागेल. ऐकावयास हे सोपे वाटते. प्रत्यक्षात चाळीस-पन्नास मुलांसमोर आपला अधिकार क्षणभर खाली ठेवणे, प्रसंग रंगत असतानाच थांबविणे, आणि योग्य प्रश्न विचारून पुन्हा सुरू करणे, हे कसब व्याख्यानातून किंवा चित्रफितीतून येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिक्षकाच्या सिद्धतेत तीन गोष्टी एकत्र यावयास हव्यात असे वरील उदाहरणांवरून दिसते : आपल्या विषयाच्या रचनेची जाण, एखाद्या कलेचा स्वतःच्या हाताने किंवा गळ्याने केलेला सराव, आणि दोहोंची गाठ कोठे पडते हे ओळखण्याची सवय. पैकी पहिल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी शिकता येतील. १९७९ साली दिल्लीत स्थापन झालेले सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र सेवेतील शिक्षकांना कलांचा परिचय करून देते, आणि ते मोलाचे आहे. तिसरी गोष्ट मात्र वर्गाबाहेर शिकता येत नाही. ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० पासून शिक्षकप्रशिक्षणाच्या अभ्यासांतून हेच दाखविले. उपपत्ती समजावणे, प्रात्यक्षिक दाखविणे, सराव करून घेणे, झालेल्या चुका सांगणे, हे सारे केले तरी नवे कौशल्य नेहमीच्या वर्गात उतरण्यासाठी तेथे, त्या जागी, सहकाऱ्याची सोबत लागते.

ही सोबत कोणाची? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असेल तेथे. म्हणजे लहान गावातील प्राथमिक शाळेत कलाशिक्षक बहुधा नसतोच. असला तर त्याच्याकडे फलकलेखन आणि संमेलनाची सजावट ही कामे येतात. म्हणून सोबत मिळाली तर ती शेजारच्या शाळेतील सहशिक्षकाचीच मिळणार. महाराष्ट्रात केंद्रशाळेत भरणारी शिक्षण परिषद ही त्यासाठी तयार जागा आहे. तीत परिपत्रकांच्या वाचनाला जो वेळ जातो, त्यातील अर्धा तास एका शिक्षकाने घेतलेल्या एका पाठाच्या चर्चेला द्यावा : कला कोठे होती, विषय कोठे होता, दोन्ही एकत्र आले का? छायाचित्र पाहून याचा निकाल लागणार नाही. मुलांच्या वह्या आणाव्या लागतील.

प्रारंभी ज्या शिक्षिकेचा उल्लेख केला त्यांची पुन्हा भेट दोन वर्षांनी झाली, ती त्यांच्याच शाळेत. तालुक्याच्या त्या वर्गात शेवटच्या दिवशी, काहीशा अपराधी भावनेने, दूध-दुधातचा खेळ त्यांना सांगितला होता. त्यांनी तो चौथीच्या वर्गात चालविला होता. एका मुलीने त्यांना विचारले होते, "बाई, आपण गूण म्हणतो, हात पण लांब धरतो, मग गुण का लिहायचं?" बाईंनी उत्तर लगेच दिले नाही. त्यांनी फळ्यावर दोन रकाने केले, 'हात खरे सांगतो' आणि 'हात फसवतो', आणि मुलांनी महिनाभर पाठ्यपुस्तकातून शब्द शोधून ते भरले. दुसऱ्या रकान्यातील शब्दांविषयी त्या शिक्षण परिषदेत बोलल्या, तेव्हा शेजारच्या शाळेतील एका गुरुजींनी, जे भजनात मृदंग वाजवितात, हा खेळ टाळीऐवजी मृदंगाच्या बोलांवर घेऊन पाहण्याची तयारी दाखविली. बाईंची वही प्रस्तुत लेखकाने चाळली. पहिल्या रकान्यात शंभराच्या वर शब्द होते, दुसऱ्यात सदतीस. आणि 'शरीर' हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेला होता.